दहशतवादाचा जन्म कुठे झाला?

“सर, दहशतवाद नेमका कधी सुरू झाला?”

नववीच्या वर्गात एका मुलाने हा प्रश्न विचारला तो दिवस २२ जुलै २०२५. आदल्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातील सर्व १२ आरोपींना निर्दोष सोडले होते. शिक्षकांच्या खोलीत उर्दू आणि मराठी दोन्ही वर्तमानपत्रे टेबलावर पसरलेली होती आणि त्या विषयावर कुणीच मोठ्याने बोलत नव्हते. मी त्या मुलाला “फार जुनी गोष्ट आहे, बेटा” एवढेच सांगितले आणि व्याकरणाकडे वळलो. शिक्षकाने असे करू नये. तेव्हा नीट दिले नाही ते उत्तर आज लिहून काढतो.

मी राहतो ते मोरवा भाईंदर पश्चिमेला, उत्तनच्या रस्त्यावर आहे. मिठागरांच्या बाजूने स्टेशनला जायचे आणि चर्चगेटची लोकल पकडायची, हा इथल्या माणसाचा रोजचा क्रम. २००६ च्या त्या मंगळवारी संध्याकाळी अवघ्या ११ मिनिटांत पहिल्या वर्गाच्या सात डब्यांत स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि आमचे मीरा रोड. १८० हून अधिक माणसे घरी परतली नाहीत. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला नाही. ज्या गाडीत स्फोट झाला त्याच मार्गाच्या गाडीत मी दुसऱ्या दिवशी बसलो होतो आणि माझ्या दाढीकडे लोक पाहत होते, हेही मला आठवते. त्यांचा राग मला आला नाही. भीती मात्र दोन्ही बाजूंना होती.

आधी शब्द पाहू, कारण भाषा शिकवणे हा माझा पेशा आहे. ‘दहशत’ हा शब्द अरबीतून फारसीत, फारसीतून उर्दूत आणि मराठीत आला. मूळ अरबीत त्याचा अर्थ थक्क होणे, भांबावून जाणे. भीतीचा अर्थ त्याला आपल्याकडे येता येता चिकटला. आज अरबी माणूस दहशतवादाला ‘दहशत’ म्हणत नाही, ‘इरहाब’ म्हणतो. युरोपातल्या ‘टेररिझम’चा जन्म तर आणखी विचित्र आहे. हा शब्द सरकारच्या विरोधात बॉम्ब टाकणाऱ्यांसाठी घडलाच नव्हता. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३-९४ साली रोबस्पिएरच्या सरकारने गिलोटिनखाली हजारो लोकांची मुंडकी उडवली, त्या राजवटीला ‘टेरर’ म्हणत. रोबस्पिएर पडल्यावर तिच्या निंदेसाठी हा शब्द रूढ झाला. म्हणजे पहिला ‘टेररिस्ट’ हा सत्तेवर बसलेला माणूस होता.

इथे कुणीतरी हसन बिन सब्बाहचे नाव काढतोच. अलामूतच्या किल्ल्यातले त्याचे फिदाई खंजीर घेऊन जात, ठरलेल्या वजिराला किंवा सरदाराला गाठत आणि बहुधा तिथेच मारले जात. त्याच्या हजार वर्षे आधी जेरुसलेममध्ये ज्यूंचे सिकारी असेच खंजीर वापरत. हत्या जुनीच आहे. पण खंजीर मारणाऱ्याला समोरच्याचा चेहरा पाहावा लागतो. चेहरा न पाहता मारण्याची सोय झाली ती १८६७ साली, आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले तेव्हा. खाणी आणि बोगद्यांसाठी बनवलेली ही वस्तू. तिच्या जोडीला तार आणि रोजचे वर्तमानपत्र आले. एका शहरातला धमाका दुसऱ्या दिवशी जगभर छापून येऊ लागला.

पहिली मोठी संघटना रशियातली. ‘नारोदनाया वोल्या’, म्हणजे जनतेची इच्छा, १८७९ साली स्थापन झाली आणि मार्च १८८१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यावर तिने झार दुसरा अलेक्झांडर याला ठार केले. पहिला बॉम्ब झारला लागला नाही. दुसरा टाकणारा तरुण झारबरोबर स्वतःही मेला. आत्मघाती हल्ला ही मुसलमानांची शोधलेली गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे साल लक्षात ठेवावे. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांची हत्या झाली, तेव्हा याच रशियन संघटनेने तिचा निषेध केला. जिथे लोकांना मत देता येते, बोलता येते, तिथे अशा हत्येला जागा नाही, अशी त्यांची भूमिका होती. बॉम्ब टाकणारेही त्या काळी एक रेषा मानत.

ती रेषा पुसली गेली पॅरिसमध्ये. १२ फेब्रुवारी १८९४ च्या संध्याकाळी २१ वर्षांचा एमिल आंरी सेंट लाझार स्टेशनजवळच्या ‘कॅफे टर्मिनस’मध्ये गेला आणि संगीत ऐकत बसलेल्या गर्दीत त्याने बॉम्ब फेकला. एक जण मेला, वीसेक जखमी झाले. तिथे ना राजा होता ना मंत्री. कामावरून सुटलेली, गाडीची वाट पाहणारी साधी माणसे होती. न्यायालयात त्याने सांगितलेल्या गोष्टीचा सार असा की या समाजात निर्दोष कुणीच नाही. आधुनिक दहशतवादाचा जन्मदाखला मागितला तर मी हेच वाक्य दाखवीन. स्टेशन, संध्याकाळ, घरी निघालेली माणसे आणि ‘निर्दोष कुणीच नाही’. आपल्या मीरा रोडपर्यंत हे सगळे जसेच्या तसे आले.

महाराष्ट्रात बॉम्बची विद्या कशी आली, हे तर लेखी पुराव्यानिशी सांगता येते. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडला गोळी घातली, तेव्हा हत्यार पिस्तूल होते आणि लक्ष्य एक अधिकारी. बरोबरचा लेफ्टनंट आयर्स्टही मेला. दहा वर्षांनी पारनेरचे पांडुरंग महादेव बापट पॅरिसला गेले. बंगालचे हेमचंद्र दास आणि ते, दोघांनी तिथल्या रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवण्याची पुस्तिका मिळवली. १९०८ साली ती हिंदुस्थानात पोहोचली. कलकत्त्याच्या माणिकतळ्याला एक प्रत सापडली, नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घरी दुसरी. रशियन विद्या, फ्रेंच शहर, मराठी आणि बंगाली विद्यार्थी! यात कुणाचा धर्म शोधायचा? (बापट पुढे सेनापती बापट झाले आणि १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांच्या सत्याग्रहाचे नेते झाले, हेही सांगितलेच पाहिजे.)

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी मॅजिस्ट्रेट किंग्जफर्डची समजून एका बग्गीवर बॉम्ब टाकला. आत केनेडी नावाच्या मायलेकी होत्या. दोघी मेल्या. टिळकांनी ‘केसरी’त आधी ‘देशाचे दुर्दैव’ आणि नंतर ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ असे अग्रलेख लिहिले. घडले त्याचा खेद त्यांनी मांडला, पण सरकारला बजावले की बॉम्ब ही बंदुकीसारखी वस्तू नाही, ती विद्या आहे, थोड्या साहित्यात कुठेही तयार होते आणि नुसत्या कायद्याने बंद पडत नाही. सरकारने याला राजद्रोह म्हटले. त्यांच्या घराच्या झडतीत एक कार्ड सापडले, त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. नव्या कायद्यावर टीका करण्यासाठी माहिती हवी होती, असे टिळकांनी सांगितले. पण ते कार्ड पुरावा म्हणून उभे राहिलेच. जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले होते. तो नाकारला गेला. सात युरोपियन ज्युरींनी दोषी म्हटले, दोन पारशी ज्युरींनी नाही. २२ जुलै १९०८ ला सहा वर्षांची शिक्षा झाली. पुस्तकाच्या नावावरून माणूस कसा आत जातो हे ज्या वाचकांना अलीकडचे वाटते, त्यांनी या खटल्याचा वृत्तांत जरूर वाचावा.

टिळक ज्या कायद्यावर टीका करणार होते तो म्हणजे जून १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा. मुझफ्फरपूरनंतर सहा आठवड्यांत तो झाला आणि तो अजून आहे. ७/११ च्या आरोपपत्रातही त्याची कलमे होती.

त्या काळची आणखी एक गोष्ट आपण विसरलो आहोत. रँडच्या हत्येनंतर पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली खटल्याविना अटकेत ठेवले. सगळ्या पुणे शहरावर जादा पोलीस बसवले आणि खर्च रहिवाशांच्या माथी मारला. पुढे १९१८ साली रौलट समितीने क्रांतिकारी कटांचा अहवाल दिला, त्याचे पहिलेच प्रकरण महाराष्ट्रावर आहे आणि त्यात चित्पावन ब्राह्मण या समाजावर बोट ठेवलेले आहे. चार जणांनी हत्या केली आणि संशय एका जातीवर गेला. माझ्या ब्राह्मण सहकाऱ्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे आम्ही तुमच्या आधी या रांगेत होतो.” आम्ही दोघेही हसलो.

मग चापेकर, खुदीराम दहशतवादी होते का? माझे मत सरळ आहे. परक्या सत्तेच्या अधिकाऱ्यावर रोखलेले पिस्तूल आणि गाडीतल्या गर्दीत ठेवलेला कुकर एका पारड्यात घालता येत नाही. पण केनेडी मायलेकींचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. मी तो वर्गात विचारतो आणि मुलांना त्यावर बोलू देतो.

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. १९२० ला न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर घोडागाडीतला बॉम्ब, तीसहून अधिक मृत. १९४६ ला जेरुसलेमच्या किंग डेव्हिड हॉटेलात ज्यूंच्या इर्गुन संघटनेचा स्फोट, ९१ मृत. तिचा प्रमुख बेगिन पुढे इस्रायलचा पंतप्रधान झाला. श्रीलंकेच्या वाघांनी कमरेचा पट्टा आणला आणि १९९१ साली श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचा बळी घेतला. अफगाणिस्तानात अमेरिकेच्या पैशावर आणि पाकिस्तानच्या देखरेखीखाली जी फौज तयार झाली, तिच्यातले काही जिहादचे नाव घेऊन जगभर पसरले.

इथे आपल्या लोकांशी थोडे कडक बोलायला हवे. वरची सगळी यादी “बघा, आम्ही सुरू केले नाही” म्हणून हात झटकण्यासाठी वापरली जाते. मी स्वतः तशी वापरली आहे. पण १२ मार्च १९९३ ला मुंबईत २५७ माणसे मारणारे आपल्यातले होते. दंगलींचा बदला म्हणून त्यांनी सेंच्युरी बाजारच्या रस्त्यावरची माणसे उडवली. त्या माणसांनी कुणाचे घर जाळले होते? तिथेही एमिल आंरीचाच हिशेब होता, फक्त भाषा बदललेली. २००८ च्या नोव्हेंबरात सीएसटी आणि ताजवर हल्ला झाला तेव्हा मात्र मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी नऊ हल्लेखोरांना दफनाची जागा द्यायला नकार दिला. मय्यतीला मिट्टी देणे हे आपल्याकडे किती मोठे कर्तव्य आहे, हे सांगायला नको. तो निर्णय सोपा नव्हता. शंभर निषेधपत्रकांपेक्षा मला त्याचे वजन जास्त वाटते.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही तोच आहे. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बरातचा जुमा. मालेगावात हमीदिया मशीद आणि बडे कब्रस्तान परिसरात स्फोट झाले, तीसहून अधिक नमाजी मेले. पकडले गेले नऊ मुसलमान. साधारण पाच वर्षे ते तुरुंगात होते आणि २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांच्यातला एक जण वारला होता. एका वस्तीत निर्दोष कुणीच नाही असे तपास करणाऱ्याने धरले, की खरा गुन्हेगार शोधायची गरज संपते.

२००८ च्या मालेगाव स्फोटात सहा जण मेले. त्या खटल्याचा निकाल ३१ जुलै २०२५ ला लागला, सातही आरोपी सुटले. ७/११ च्या निकालानंतर बरोबर दहा दिवसांनी. मोबाइलवर मी पाहत होतो. पहिल्या निकालाने आनंदलेले दुसऱ्याने चिडले आणि दुसऱ्यावर पेढे वाटणाऱ्यांनी पहिल्यावर संताप केला होता. लोकलमध्ये आणि भिक्खू चौकात मेलेल्यांची घरे या दोन्ही गर्दींत कुठे दिसली नाहीत.

७/११ च्या निकालात उच्च न्यायालयाने म्हटले की सरकार पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही. कबुलीजबाबांवर विश्वास ठेवता आला नाही, आणि वापरलेले बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेही पुढे आणले गेले नाही. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलैला त्या न्यायालयाने सांगितले की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जायची गरज नाही.

यातले बरेचसे मी नंतर त्या नववीच्या मुलांना सांगितले, दोन तास लागले. शेवटी त्याच मुलाने पुन्हा हात वर केला.

“मग मीरा रोडच्या गाडीत बॉम्ब कुणी ठेवला, सर?”

घंटा झाली होती, पण मुले उठली नाहीत. मी खडू खाली ठेवला आणि सांगितले की हे अजून कुणी सिद्ध केलेले नाही.