धूर दारूचा की वंगणाचा?

ठासणीच्या बंदुकीने रानडुकरावर बार काढला की सगळ्यात आधी दिसेनासं व्हायचं ते डुक्करच. कार्तिकातली पहाट, धान कापणीला आलेलं, बांधीत ओल आणि वाऱ्याचा पत्ता नाही. अशा हवेत काळ्या दारूचा पांढरा धूर मचाणापुढे तसाच्या तसा उभा राहायचा. माझा आजा वरून ओरडायचा, "पडला का पराला?" बाजूला बसलेला सोबती सांगेल ते खरं. जखमी डुक्कर धुराच्या आडून अंगावर आलं तर सोबत्यालाही सांगायला सवड नसायची. म्हणून धूर विरेपर्यंत मचाण सोडायचं नाही, हा आमच्याकडचा नियम.

मी आमगावात विज्ञान शिकवून निवृत्त झालो, बरीच वर्षं शाळेची एनसीसीही सांभाळली. बंदुकीचा धूर असा दोन्हीकडून पाहिल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. धूर दिसला की लोक दारूला दोष देतात. पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत शिशाच्या ओतीव गोळीमागे जो धूर उरला, त्यातला बराचसा दारूचा नाहीच. तो गोळीला फासलेल्या वंगणाचा आहे. आणि हे वंगण तिथे आलं ते जुन्या दारूने करून ठेवलेल्या घाणीमुळे.

आमगाव ही जुन्या भंडारा जिल्ह्यातली एक जमीनदारी. कामठा, चिचगड अशा आणखीही होत्या. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो अगदी अलीकडे, १९९९च्या १ मेला. सगळा मुलूख धानाचा, तळ्या-बोड्यांचा आणि जंगलाला लागलेला. जमीनदारांकडे विलायती बंदुका असत, कास्तकाराकडे असलीच तर भरमार, म्हणजे हीच ठासणीची. १८७८च्या हत्यार कायद्याने परवान्याचा फास आवळला, तरी पिकाच्या राखणीची बंदूक अगदीच हद्दपार झाली नाही. स्वतंत्र भारताच्या १९५९च्या कायद्यातही कलम १३मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांना रानडुक्कर ठाऊक होतं म्हणायचं.

आजाची भरणी मी लहानपणी जवळून पाहिली. मापाने दारू नळीत ओतायची, वरून काथ्याचा बोळा, मग गजाने ठासायचं. आजा गज नळीत सोडून द्यायचा आणि तो वर उसळून आला की दारू बसली असं समजायचा. मग छर्रे, पुन्हा बोळा, शेवटी घोड्याखाली टोपी. मोठ्या जनावरासाठी एकेरी गोळी. ती घरीच ओतलेली, ढिवरांच्या जुन्या जाळ्यांना लावलेल्या शिशाची. साचा लोखंडी, दोन फाळ्यांचा. गोळी बाहेर पडली की तिच्या कमरेवर शिवण दिसायची, ती कानसीने घासायची. आणि ही गोळी आजा कधीच कोरडी घालत नसे. चिंधीला मेण आणि तेल चोपडून त्यात गुंडाळून मगच नळीत ढकलायचा.

आजी वैतागायची ती मात्र दुसऱ्या दिवशी, बंदूक धुताना. न्हाणीत उकळतं पाणी नळीतून ओतलं की काळं पाणी वाहायचं आणि कुजक्या अंड्याची घाण सुटायची. त्या घाणीचं रसायनशास्त्र मी पुढे पोरांना शिकवलं. काळ्या दारूत सोरा सुमारे तीन चतुर्थांश, बाकी कोळसा आणि गंधक. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी १८७०च्या दशकात बंद भांड्यात ही दारू जाळून मोजमाप केलं, तेव्हा वजनाचा निम्म्याहून कमी भाग वायू झालेला आढळला. बाकीचे शंभरातले पंचावन्नच्या वर भाग घनच राहतात, म्हणजे पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड असले क्षार. त्यातले काही हवेत उडतात, तो धूर. काही नळीत चिकटतात, ते कीट. हे क्षार हवेतली ओल ओढतात आणि रात्रीत लोखंड गंजवतात. शिवाय चार-सहा बारांनंतर कीट इतकं घट्ट होतं की पुढची गोळी नळीत उतरत नाही. मेण-तेल किंवा चरबी असली की ते मऊ राहतं.

साधीच युक्ती, पण तिने इतिहासात केवढी उलथापालथ केली! एनफिल्ड रायफलीच्या नळीला आतून पेच होते. ठासताना गोळी कीटात अडू नये म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी आणि मेणाचं मिश्रण लावत. जानेवारी १८५७मध्ये डमडमच्या छावणीतून गाईच्या आणि डुकराच्या चरबीची बातमी फुटली. शिपायांनी आपलं मेण-तेल वापरावं अशी मुभा सरकारने त्याच महिन्यात दिली, पण विश्वास उडाला तो उडालाच. वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'मध्येही काडतुसांची ही हकीकत येते. १८५७च्या बंडाची कारणं कितीतरी होती, हे मलाही कळतं. पण काळी दारू कीट सोडणारी नसती तर त्या कागदाला चरबी लागलीच नसती.

पुढे दारूच बदलली. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू केली. ती जळते तेव्हा जवळपास सगळीच वायू होते. १८८९मध्ये इंग्रजांचं कॉर्डाइट आलं. नव्या दारूचा जोर मोठा. उघडं शिसं त्या वेगाने नळीतून गेलं की नळीला शिसं चढतं. म्हणून लष्कराने गोळीला तांब्याचं कवच चढवलं. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने ते १८८२मध्येच करून दाखवलं होतं. कवच आलं आणि लष्करी गोळीचं वंगण गेलं.

साध्या शिशाच्या गोळीचं मात्र राहिलं. पॉइंट टू टूच्या, म्हणजे ०.२२ इंची, काडतुसाची गोळी आजही बहुधा शिशाचीच, वरून मेणचट. कॅडेटच्या बोटांना ते मेण लागतं, त्याला माती चिकटते आणि मग रायफल अडते. याची ओरड मी कैकदा ऐकली. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसळेने २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं, तो प्रकारही याच पॉइंट टू टूचा.

अमेरिकेत घरी गोळ्या ओतून काडतुसं भरणाऱ्यांची मोठी जमात आहे. त्यांच्या गोळीला खाचा असतात आणि खाचांत मेणाचं वंगण. मागून येणारा तापलेला वायू ते वितळवतो, त्याचे बारीक थेंब करतो, थोडं जाळतो. बंद रेंजवर दिव्याखाली दिसणारा निळसर धूर तो हा. दारूचे डबे बदलूनही तो हटेना, कारण रोग दुसरीकडेच होता. मग गेल्या दशका-दोन दशकांत कोणीकोणी शिशाच्या गोळीलाच पावडर कोटिंग करायला लागले. खिडकीच्या ग्रिलला करतात तेच. रंगीत रेझिनची भुकटी स्थिर विजेने गोळीला चिकटवायची आणि सुमारे दोनशे अंशांवर भाजायची. कवच कडक होतं, नळीत शिसं चढू देत नाही आणि मेणाची गरजच संपते. जळायला मेण नाही, म्हणून धूर एकदम कमी. तरीही धूर दिसला तर बहुधा बार हलका असतो आणि कमी दाबात दारू अर्धवट जळते. तेव्हा मात्र दोष दारूला द्यावा.

आपल्याकडे हा उद्योग घरी करायची सोय नाही. काडतूस बनवणं हे कायद्याने उत्पादन आहे, त्याला वेगळा परवाना लागतो आणि ते बरंच आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर आजाची बंदूक डुकरावरून आभाळाकडे वळली, नुसत्या आवाजापुरती. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, मतमोजणीनंतर सोडवून आणायची. तो गेल्यावर परवाना पुढे कोणी चालवला नाही.

धूर कमी झाला म्हणून शिसं कमी झालं, असा हिशेब मात्र कोणी करू नये. काडतुसाच्या बुडातल्या ठिणगीच्या मसाल्यात बहुतेक ठिकाणी अजून शिशाचा क्षार असतो, लेड स्टिफ्नेट नावाचा. प्रत्येक बाराला तो उडतो आणि हातावर, कपड्यांवर, श्वासात जातो. डोळ्यांना दिसत नाही इतकंच. म्हणून फायरिंगनंतर पोरांना साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय मी जेवणाचे डबे उघडू देत नसे. "सर, आज तर धूरच नव्हता," असं कुरकुरणारा एखादा निघायचाच. त्यालाही नळावर पाठवायचो.