उद्यापन नसलेले व्रत

कृष्णेच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या जी व्रते आचरली जातात, त्यांतील बहुतेकांना उद्यापन आहे. सोळा सोमवारांचे व्रत सतराव्या सोमवारी समारंभपूर्वक सुटते; चातुर्मासात वर्ज्य केलेला पदार्थ कार्तिकात आधी दुसऱ्याला दान द्यावा आणि मग आपल्या पानात घ्यावा, अशी रीत आहे; श्रावणभर मांसमासळीला न शिवणारी घरे पुढे आपल्या नेहमीच्या आहाराकडे वळतात, तेव्हा त्यांना कोणी नियमभ्रष्ट म्हणत नाही. पंढरीच्या तुळशीमाळेला मात्र असा शेवटचा दिवस नाही. वारी, एकादशी, हरिपाठ आणि मद्यमांसाचा त्याग ही बंधने एकदा माळेबरोबर पत्करली की ती देहाबरोबरच सुटावयाची, असा वारकरी संप्रदायाचा दंडक आहे. आणि तरीही माळ उतरवून पुन्हा मांसाहाराकडे परतलेली माणसे या मुलखात पूर्वापार आहेत, गावात मानाने नांदली आहेत आणि नांदत आहेत. ज्यांच्यासाठी संप्रदायाने परतीची वाट आखली नाही त्यांच्यासाठी ती गावाने आखली, आणि ही वाट कशी पडली हे पाहावयाचे तर कुंडलसारखे दुसरे गाव क्वचितच सापडेल.

कुंडल हे कृष्णा आणि येरळा यांच्या दरम्यान डोंगराच्या पायथ्याशी वसलेले जुने गाव. आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. १९४९ साली सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग निराळा होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. परंतु त्यापूर्वी कुंडल थेट इंग्रजी अंमलाखाली नव्हतेच. चहूकडे खालसा मुलूख आणि मध्ये औंधकर पंतप्रतिनिधींचा हा कुंडल महाल, अशी त्याची स्थिती होती. गावात कलिकुंड पार्श्वनाथांचे मंदिर आहे, वर डोंगरात झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ ही स्थाने आहेत, आणि दूरदूरचे जैन यात्रेकरू त्यांच्या दर्शनासाठी येथे येत आले आहेत. म्हणजे ज्या डोंगराच्या माथ्यावर अहिंसेची ही प्राचीन उपासना चालली, त्याच डोंगराच्या पायथ्याशी मराठा, धनगर, रामोशी, मुलाणी, महार अशा नाना जातींची वस्ती आपापल्या दैवतांना बोकड-कोंबड्यांचा मान देत राहिली. आणि या दोन आचारांत वितुष्ट आल्याची आठवण गावाने जपलेली नाही.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. जैन आणि लिंगायत घरांतील निरामिष आहार हा जन्माने येतो. तो कोणी घेत नाही, म्हणून सोडण्याचा प्रश्नही सहसा उद्‌भवत नाही. कुणबी-मराठ्याचा किंवा धनगराचा निरामिष आहार हा घेतलेला असतो. त्याच्या मागे आयुष्यातील एखादा विशिष्ट दिवस, एखादी व्यक्ती आणि बहुधा एखादे दुःख असते. मूल दगावले, दारूने घर धुऊन निघाले, सलग दोन साल पाऊस गेला, किंवा नुसतेच वय झाले आणि कीर्तनातील एखादा शब्द काळजाला लागला, की माणूस पंढरपुरास जाऊन एखाद्या जाणत्या वारकऱ्याच्या हातून माळ घालून घेतो. त्या दिवसापासून त्याचे ताट निराळे होते आणि त्याबरोबर गावातील त्याचे स्थानही बदलते: त्याच्या शब्दाला वजन येते, भांडणतंट्यात त्याला पंच म्हणून बोलावतात.

हा सगळा संस्कार साताऱ्याच्या मातीत रुजण्यास एका सातारकराचेच कर्तृत्व मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे. आरफळचे हैबतरावबाबा हे शिंद्यांच्या पदरी चाकरी केलेले शिपाईबाण्याचे गृहस्थ. पुढे ते आळंदीस ज्ञानेश्वरांच्या सेवेत राहिले आणि १८३२च्या सुमारास अंकलीच्या शितोळे सरदारांच्या साहाय्याने त्यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीस आजचे शिस्तबद्ध रूप दिले. तलवार धरलेल्या माणसाने वीणा हाती घ्यावी आणि वारीला लष्करी तळाची शिस्त लावावी, यात या प्रांताचा सारा स्वभाव आला आहे. पेशवाई बुडाल्यावर मोकळी झालेली शिपाईगिरीची परंपरा आणि वारकऱ्यांची भक्ती ही दोन्ही एकाच घरात, कित्येकदा एकाच माणसात नांदू लागली. आणि जेथे अशी दोन कुळे एकत्र नांदतात तेथे ताटापाशी केव्हा तरी पेच पडावयाचाच.

कारण मांस हा या भागातील शेतकऱ्याचा रोजचा आहार कधीच नव्हता. जोंधळ्याची भाकरी, आमटी, कोरड्यास आणि ताक हे त्याचे खरे अन्न. मांस यायचे ते देवाच्या नावाने, जत्रेला, दसऱ्याला, नवस फेडताना. साताऱ्यास १८१८ ते १८२२ या काळात इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात गावकामगारांचे वर्णन करताना मुलाण्याविषयी एक गोष्ट नमूद केली आहे, ती येथे फार महत्त्वाची आहे: बकऱ्याच्या मानेवर मुलाण्याची किंवा ‘नियत’ची विधिवाक्ये जाणणाऱ्या दुसऱ्या कोणाची सुरी फिरल्याखेरीज मराठे सहसा ते मांस खात नसत. ही सुरी चालविणे हा मुलाण्याचा वतनी हक्क होता, आणि त्याबद्दल त्याला गावाकडून बलुते व कापलेल्या जनावरातील ठरलेला वाटा मिळे. हिंदू दैवतापुढचा बोकड मुसलमान वतनदाराने नियत म्हणून कापावा आणि मग तो प्रसाद म्हणून सर्वांनी भक्षावा, ही व्यवस्था शेकडो वर्षे चालली. पिराची कंदुरी असो की म्हसोबाची जत्रा, मुलाणी आल्याशिवाय कार्य सुरू होत नसे. मांसाहार हा अशा रीतीने देव, वतनदार आणि भाऊबंद यांच्या साक्षीने घडणारा सार्वजनिक व्यवहार होता. जो मनुष्य त्यातून बाहेर पडे तो एका पदार्थाबरोबर या व्यवहारातील आपली जागाही सोडून देई, आणि जो परते तो ती जागा पुन्हा मागत असे.

पेच बहुधा कुळाचारामुळे पडे. कऱ्हाडजवळच्या पालीचा खंडोबा हे या मुलखातील असंख्य घराण्यांचे कुलदैवत. त्याची म्हाळसा लिंगायत वाण्याच्या घरची आणि बाणाई धनगराची, आणि म्हणून त्याच्या नावाने पुरणपोळीही होते नि बोकडही पडतो. ज्याच्या दैवताच्या संसारातच दोन्ही पाने मांडलेली आहेत त्याला एकाच पानाचा आग्रह धरणे कठीण. घरातील कर्ता पुरुष माळकरी असला तर बोकडाचे कार्य धाकटा भाऊ किंवा थोरला मुलगा उरके आणि कर्ता त्या दिवशी गोड्या नैवेद्यावर भागवी. परंतु भाऊ विभक्त झाला, मुलगा मुंबईच्या गिरणीत गेला, आणि देवाचे देणे तर अंगावर राहिले, अशा वेळी खाऱ्या नैवेद्याला हात लावणारे घरात कोणी उरत नसे. दुसरे कारण आजारपणाचे. क्षयाने किंवा दीर्घ तापाने खंगलेल्या माणसाला वैदूने अथवा डॉक्टरने पायाचा रस्सा सांगितला, की बायकामुले त्याच्यापुढे हात जोडीत. तिसरे तालमीचे, त्याविषयी पुढे. नुसत्या जिभेसाठी माळ उतरविणारेही असत, नाही असे नाही. पण त्यांच्यासाठी गावाने कधी वाट केली नाही, आणि माळ खुंटीला अडकवून जेवायला बसणारा म्हणून त्यांचा जन्मभर उल्लेख होत राहिला.

ज्यांच्यासाठी वाट केली, त्यांची रीत साधी आणि गंभीर होती. ज्याच्या हातून माळ घेतली त्याच्याकडेच जावयाचे, कारण सांगावयाचे आणि माळ त्याच्या हाती परत द्यावयाची. तो हयात नसेल तर पंढरपुरी जाऊन ती चंद्रभागेत सोडावयाची, किंवा तेही न साधल्यास घरच्या देव्हाऱ्यात विठोबाच्या पायाशी ठेवावयाची. चोरून काही करावयाचे नाही, हा या रीतीचा गाभा. संकल्प चारचौघांत झाला तसा त्याचा त्यागही चारचौघांत व्हावा, एवढे गावाने पाहिले, आणि तेवढ्यावर ते थांबले. मला या संयमाचे अतिशय मोल वाटते. व्रत मोडणाऱ्याला शिक्षा करणे सोपे असते. त्याला उजळ माथ्याने परत येऊ देण्यासाठी समाजाजवळ स्वतःच्या श्रद्धेविषयी एक प्रकारची निश्चिंती असावी लागते.

कुंडलच्या बाजूच्या एका शेतकरी घरात हे परतणे मी जवळून पाहिले आहे. घरची आजी माळकरी, तिचा पन्नाशीचा मुलगाही तरुणपणापासून माळकरी. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अंगात रक्त राहिले नाही म्हणून त्याने माळ देव्हाऱ्यात ठेवली होती. मांस घराच्या चुलीवर शिजणे शक्यच नव्हते. परड्यात, गोठ्याच्या भिंतीच्या आडोशाला तीन दगड मांडून त्यांवर जर्मनचे जुने पातेले चढले होते. ते पातेले, एक पळी आणि दोन ताटल्या एवढा या स्वयंपाकाचा संसार, आणि तो वर्षभर परड्यातल्याच फळीवर पालथा असतो. सुनेने मटणाला हळद, आले-लसूण आणि कांदा लावून ते नुसत्या पाण्यात मंदाग्नीवर शिजविले; वर पिवळसर तवंग आल्यावर तिखट-वाटण घालण्यापूर्वीचा तो अळणी रस्सा वाटीत काढून प्रथम त्याला दिला. उरलेल्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण आणि कांदा-लसणीची चटणी पडली ती इतरांसाठी. त्याने वाटी दोन्ही हातांनी धरली, बराच वेळ तिच्याकडे पाहिले आणि औषध घ्यावे तसा तो रस्सा संपविला. आजी त्या वेळी सोप्यात हरिपाठ म्हणत बसली होती. तिने आवाज चढविला नाही की थांबविला नाही, हरिपाठ संपल्यावर तिने सुनेला, “पोटात टिकलं का त्याच्या?” एवढेच विचारले.

तालमीचा प्रश्न याहून निराळा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभारले आणि कुस्तीला राजाश्रय दिला, त्याचा परिणाम साऱ्या कृष्णाकाठावर झाला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीस कांस्यपदक मिळवून आले, आणि सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली हिंदकेसरी झाले. कुंडलचे डोंगराच्या कुशीतील नैसर्गिक मैदान तर अवघ्या महाराष्ट्रातील मल्लांचे आकर्षण. या पंचक्रोशीत माळकऱ्याच्या पोराने लंगोट लावला, की खुराकाचा विषय निघावयाचाच. दूध, तूप, बदामाची थंडाई यांवर अंग कमावणारे मल्ल होते व आहेत. पण वस्ताद जेव्हा उकडलेले मटण आणि अळणी रस्सा सांगे, तेव्हा बापाच्या इच्छेखातर लहानपणी घातलेली माळ पोर तालमीच्या मारुतीपुढे काढून ठेवी. यात कोणाला अधर्म दिसला नाही. अंग कमावणे हेही एक व्रतच, आणि त्याचे नियम माळेच्या नियमांहून सौम्य नव्हते.

१९४३ ते १९४६ या काळात कुंडल हे सातारच्या प्रतिसरकारचे एक प्रमुख ठाणे होते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या कारभारात कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड यांनी तुफान सेनेची धुरा वाहिली. औंध संस्थानची हद्द हा भूमिगतांचा मोठा आसरा होता. या कारभाराने दारूचे गुत्ते उठविले, सावकारीला वेसण घातली, हुंड्याला नि मानपानाला फाटा देऊन गांधीपद्धतीची लग्ने लावली. गांधींचा एवढा प्रभाव असूनही त्यांचा आहार मात्र रयतेवर लादला गेला नाही. दारूबंदी झाली, मांसबंदी झाली नाही. सत्यशोधक जलशांत आणि वारकरी फडांत एकाच वेळी वाढलेल्या या कार्यकर्त्यांना, दारू घर बुडविते आणि जत्रेचा बोकड घर बुडवीत नाही, हे वेगळे समजावून सांगावे लागले नसावे. कुंडलच्या शेजारीच, १९१० साली माळावर उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीतून निघणाऱ्या ‘किर्लोस्कर’ मासिकाने सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध छापून खाण्यापिण्याच्या बंधनांचा उपयुक्ततेच्या कसोटीवर विचार करण्यास वाचकांना भाग पाडले. तेही एक परतीचे दार होते, पण ते शिकलेल्यांसाठी होते आणि त्यातून जाणाऱ्याला कोणाच्या हाती काही परत द्यावयाचे नव्हते. शेतकऱ्याची वाट त्याहून अवघड. त्याला सोडताना माणसाकडे पाहून सोडावे लागे.

आता मुलाण्याचा वतनी हक्क कायद्याने गेला आहे, रस्त्याच्या कडेला दुकाने झाली आहेत, आणि ज्याला मांस खावयाचे त्याला ते कोणाच्याही साक्षीशिवाय, कोणत्याही वारी, पिशवीत घालून घरी नेता येते. त्यामुळे माळ सोडणे सोपे झाले असे वाटेल. प्रत्यक्षात ते अवघड झाले आहे, कारण उघडपणे परतण्याची जी जागा होती तीच नाहीशी होत चालली आहे, आणि तिच्या जागी एकीकडे चोरटेपणा आणि दुसरीकडे परक्याच्या ताटात डोकावणारा नवा कडवेपणा येत आहे. ज्या वारकऱ्यांच्या नावाने हा कडवेपणा बोलतो त्यांची रीत तशी नाही. दिंडीत माळ नसलेली माणसे पूर्वीपासून चालतात. माळ उतरविलेलाही वारी सोडीत नाही, वारीच्या दिवसांत तो आपण होऊन मांस वर्ज्य करतो, टाळ धरतो, पंगतीत वाढावयास उभा राहतो, आणि त्याच्या गळ्याकडे कोणी पाहत नाही. यांतले पुष्कळजण म्हातारपणी, मुलेबाळे मार्गी लागल्यावर आणि देवाचे देणे धाकट्या पिढीच्या अंगावर गेल्यावर, पुन्हा पंढरपुरास जाऊन दुसऱ्यांदा माळ घालून घेतात. आणि ती घालणारा पहिल्या माळेविषयी काही विचारीत नाही.