माजघर पुन्हा उघडणार का?

'दिल दोस्ती दुनियादारी'तला कुठलाही नट मुलाखतीला बसू दे. विषय नव्या नाटकाचा असो की सिनेमाचा, एक प्रश्न हमखास येतो : माजघर पुन्हा उघडणार का? झी मराठीवरची ही मालिका 2015 च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, 2016 च्या फेब्रुवारीत संपली. मुंबईतला एक फ्लॅट, त्याचं नाव माजघर, आणि त्यात आशू, कैवल्य, सुजय, मीनल, ॲना, रेश्मा. रक्ताचं नातं कुणाचं कुणाशी नाही, स्वयंपाकघर मात्र एकच.

पुण्यातल्या आमच्या धायरीत ही मालिका जरा जास्तच घरची वाटली, त्याला कारण होतं. वडगाव-नऱ्हे-आंबेगाव पट्ट्यात इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटची कॉलेजं. त्यांची पोरं-पोरी धायरी फाट्यापासून रायकर मळ्यापर्यंत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. वन बीएचकेत चौघं, टू बीएचकेत सहा. दाराच्या कडीला मेसचा डबा, हॉलमध्ये भिंतीला लावून उभ्या केलेल्या गाद्या, फ्रिजवर 'दूध सुमितचं आहे, हात लावू नये' छापाची चिठ्ठी, आणि लाइट बिल आलं की सुट्टीत गावी गेलेल्यानं किती द्यायचे यावरून वाद. सोसायटीच्या वार्षिक सभेत 'बॅचलर भाडेकरू' हा पार्किंगच्या खालोखालचा विषय. या पोरांना सासू-सुनांच्या मालिकांशी देणंघेणं नव्हतं. इथं पहिल्यांदाच मराठी वाहिनीवर त्यांचा पसारा दिसला. म्हणून ती संपल्यावर त्यांना घर खाली करायला लावल्यासारखं झालं.

'पुढं काय?' हा प्रश्न मात्र या पोरांचा नाही. तो टीव्हीहून जुना आहे. चि. वि. जोशी बडोद्याला पाली भाषा शिकवायचे आणि फावल्या वेळात मराठी मध्यमवर्गाची टोपी उडवायचे. त्यांचं 'चिमणरावाचे चऱ्हाट' 1933 सालचं. भित्रा, पापभीरू, तरी स्वतःला शहाणा समजणारा चिमणराव आणि त्याचा आडदांड मावसभाऊ गुंड्याभाऊ लोकांना इतके आवडले, की चि. विं.ना त्यांच्यापासून सुटका करून घेता आली नाही. नंतरच्या पुस्तकांची नावंच बघा : 'आणखी चिमणराव', 'तिसऱ्यांदा चिमणराव', 'चौथे चिमणराव'. आज वाहिन्या मालिकेच्या नावापुढे दोन-तीनचे आकडे लावतात, त्याचं मूळ हे. फरक एवढाच, की वाचकाला उत्तर देणारा माणूस एकच होता आणि त्याच्या हातात दौत-टाक होता. त्याच्या मनात आलं की चिमणराव परत.

सिनेमानंही लगेच हात मारला. मास्टर विनायकांनी 1940 साली 'लग्न पहावं करून' केला. त्यात दामूअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. चित्रपट चालला. मग 1942 मध्ये 'सरकारी पाहुणे', पुन्हा तेच दोघं. मराठी विनोदाचा दुसरा सीझन काढायचा तर नट बदलायचे नाहीत, हा नियम तेव्हापासूनचा आहे. तो मोडला की प्रेक्षक माफ करत नाही.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभं राहिलं. पुण्यात अँटेना फिरवायची ती गडाच्या दिशेनं. धायरी तेव्हा पुणे शहरात नव्हती, शेतमळ्यांचं गाव होतं, पण गडाच्या वाटेवरचं. पुण्याला मिळणारी मुंबईची चित्रं याच बाजूनं यायची. त्यांत 1977 साली चिमणराव आला. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मराठी टीव्हीवरची विनोदी मालिका म्हणून आधी नाव निघतं ते हिचंच. रंग नव्हते आणि दुसरी वाहिनीही नव्हती. ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी गल्ली गोळा व्हायची. एखादा भाग हुकला की हुकला. टेप महाग, पुसून पुन्हा वापरायची रीत होती, त्यामुळे दूरदर्शनच्या त्या काळातलं पुष्कळ काही कायमचं गेलं. प्रेक्षकाला पुढच्या भागाची ओढ असायचीच, पण झालेला भाग पुन्हा बघायची सोयही नव्हती. मालिका गाजली तसा 1979 मध्ये 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपटही आला, प्रभावळकर-कर्वे जोडीसकट. म्हणजे पुस्तकातून सिनेमा, सिनेमातून टीव्ही, टीव्हीतून पुन्हा सिनेमा. प्रेक्षकाला हवं ते मिळत होतं, पण मागितलं त्या दारानं नाही.

पुढं प्रायोजित मालिकांचा काळ आला. 1984 च्या जुलैत 'हम लोग' सुरू झाली आणि लोक पत्रं लिहायला बसले. त्या दीड वर्षात काही लाख पत्रं आली, असं मालिकेवर अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवलंय. या पात्राचं लग्न लावा, त्याला वाचवा, अशा मागण्या. दूरदर्शनचा हिशेब तेरा भागांचा असे. तेरा आठवडे, म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा. मंजुरी तेराची, चाललं तर मुदतवाढ. मोहन गोखल्यांची 'मिस्टर योगी' 1989 ची. अमेरिकेतून लग्नासाठी आलेला मुलगा, बारा राशींच्या बारा मुली बघतो. गोष्टीचा आकारच असा की तिला शेवट होता. ती संपल्यावर कुणी आरडाओरड केल्याचं आठवत नाही. संपणं हा करार होता आणि तो आधीच ठाऊक होता.

या घरापाशी थोडं थांबतो, कारण मराठी टीव्हीची कुंडली एका घरात वाचायची तर ते गोखल्यांचं. वडील मोहन गोखले 'मिस्टर योगी'. आई शुभांगी गोखले म्हणजे 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधली श्यामल. आणि मुलगी सखी गोखले म्हणजे माजघरातली रेश्मा. वडिलांची मालिका तेरा भागांची, आईची आठवड्याची, मुलीची रोजची. तिघांच्या प्रेक्षकांनी वाट बघितली, पण तिघांची वाट निराळी.

'टिपरे' 2001 ची, अल्फा मराठीवरची. दिग्दर्शक केदार शिंदे. मुळात प्रभावळकरांचा 'अनुदिनी' हा स्तंभ, घरातल्यांच्या डायऱ्यांतून उलगडणारं कुटुंब. चोवीस वर्षांपूर्वीचा चिमणराव आता आबा झाला होता. आबा आठवड्यातून एकदा यायचे आणि गोष्ट त्याच भागात संपायची. म्हातारा आपल्या नातवंडांना जास्त कळतो आणि मुलाला कमी, एवढ्या भांडवलावर मालिका चालली. आजही आबा, शेखर, श्यामल, शिऱ्या, शलाका ही नावं सांगितली की लोकांना सोफा कुठं होता तेही आठवतं. 'टिपरे परत आणा' ही मागणी अधूनमधून निघते, पण तिच्यात त्रागा नसतो. शेवटच्या भागात लोंबकळत ठेवलेलं काही नव्हतं. लोकांना आबा हवेत, उत्तर नको.

त्रागा सुरू झाला तो रोजच्या मालिकेमुळे. डेली सोपला शेवट नसतोच, तिला बंद करावं लागतं. ती गोष्टीमुळे थांबत नाही, स्लॉटमुळे थांबते. सहा दिवस रोज बावीस-तेवीस मिनिटं भरायची, चित्रित भागांची बँक आटली की लेखक रात्री दोनला सीन पाठवणार आणि नट सकाळी मेकअप करता करता ते पाठ करणार. रडारड अशी रोज ताणता येते. कालचा अश्रू आज पुढं चालतो, कालचा विनोद आज चालत नाही. म्हणूनच रोजची विनोदी मालिका हा मराठीत मुळात अवघड धंदा आहे आणि 'दिल दोस्ती' जवळजवळ वर्षभर टिकली याचंच मला जास्त नवल वाटतं.

वर गुरुवार. आठवड्याचे टीआरपी गुरुवारी येतात आणि त्या दिवशी निर्मात्यांच्या ऑफिसात चहा गार होतो. 2015 मध्ये ही मोजणी बार्क या संस्थेकडे आली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ग्रामीण भागाचे आकडेही धरले जाऊ लागले. 'दिल दोस्ती'च्या शेवटाचं खापर मी त्यावर फोडत नाही. पण धायरीतल्या टू बीएचकेतली सहा पोरं लॅपटॉपवर दुसऱ्या दिवशी मालिका बघत होती आणि मोजणीची पेटी टीव्हीला जोडलेली होती. ज्यांना ती सर्वांत जास्त हवी होती, ते त्या गणतीत नव्हते.

रात्री साडेदहाच्या त्या जागेवर लगोलग काय आलं? 'रात्रीस खेळ चाले'. कोकणातलं भुताटकीचं घर. ती 2019 मध्ये दुसऱ्यांदा आली आणि 2021 मध्ये तिसऱ्यांदा. त्यातले अण्णा नाईक मेले तरी परतले आणि माजघरातले जिवंत सहा जण परतले नाहीत, हा विनोद पुण्याच्या कट्ट्यांवर बराच चालला. परदेशातही स्लॉटनं असे बळी घेतलेत. 1968 मध्ये अमेरिकेत 'स्टार ट्रेक' वाचवायला प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला, वाहिनीनं तिसरा सीझन दिला आणि तो शुक्रवारी रात्री दहाला टाकला. त्या वेळी तरुण घरी कुठून असणार? 1969 मध्ये मालिका बंद.

तरी परतणं अगदीच झालं नाही असं नाही. 2016 मध्येच 'अमर फोटो स्टुडिओ' हे नाटक आलं. मनस्विनी लता रवींद्रचं लेखन, निपुण धर्माधिकारीचं दिग्दर्शन आणि रंगमंचावर अमेय वाघ, सुव्रत जोशी, सखी, पूजा ठोंबरे. प्रेक्षक नाटक बघायला आले, पण टाळ्या माजघराला पडल्या. मग 2017 च्या फेब्रुवारीत 'दिल दोस्ती दोबारा'. तेच सहा जण, नावं वेगळी, गोष्ट वेगळी, राहत्या फ्लॅटच्या जागी 'खयाली पुलाव' नावाचं हॉटेल. नट बदलायचे नाहीत हा विनायकांच्या वेळचा नियम पाळला, पात्रं मात्र बदलली. दामूअण्णांना दुसऱ्या चित्रपटात चिमणराव न करता भलताच कुणी करायला लावलं असतं तर? लोकांना माणसं हवी होती, त्यांना चेहरे दिले. ती काही महिन्यांत आटोपली, तेव्हा पहिल्यासारखी हळहळही झाली नाही.

आता प्रश्न विचारायचा कुणाला, हेच कळत नाही. चि. विं.ना पत्र टाकता येत होतं, दूरदर्शनला टाकता येत होतं. वाहिनी बोलत नाही, निर्माता 'योग आला तर' म्हणतो, नट 'आम्हालाही आवडेल' म्हणतो आणि त्याची तेवढ्यावर बातमी होते.

एक रस्ता 'वागले की दुनिया'नं दाखवलाय. आर. के. लक्ष्मण यांचा तो सामान्य माणूस 1988 मध्ये दूरदर्शनवर आला होता. 2021 मध्ये मालिका सब वाहिनीवर परतली तेव्हा अंजन श्रीवास्तव तेच थोरले वागले होते आणि घर चालवत होता त्यांचा मुलगा, सुमीत राघवन. वय लपवलं नाही, त्याचीच गोष्ट केली. माजघराचं तसं केलं तर सुजय-कैवल्य आता चाळिशीच्या आसपासचे दाखवावे लागतील. कर्जाचे हप्ते, पोरांची शाळा, सोसायटीचं सेक्रेटरीपद. धायरीत त्या मालिकेवर जीव टाकणाऱ्यांपैकी बरेच जण इथंच फ्लॅट घेऊन राहिलेत, आणि त्यातल्या काहींनी दुसरा फ्लॅट भाड्यानं द्यायला काढलाय. पाटीवर खाली बारीक अक्षरात लिहिलंय : फक्त फॅमिली.