तोटीचा मातीचा चंबू



पाण्याच्या भांड्याला आपल्या घरात केवढा मान! गाळलेल्या पाण्याचा हंडा वेगळा, त्यात बुडवायचा तांब्या वेगळा, उष्टे भांडे तिथे चालत नाही. म्हणून आज एका फार जुन्या पाण्याच्या भांड्याविषयी लिहिते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जोर्वे पद्धतीची मातीची भांडी आहेत. त्यांतला तोटीचा चंबू लगेच ओळखू येतो. तोंड पसरट, पोटाला ठसठशीत कोन आणि बाजूला तोटी. लाल अंगावर काळ्या रेघांची नक्षी. चाकावर घडवून असा पक्का भाजलेला, की टिचकी मारली तर धातूसारखा वाजावा. तोटीतून धार बारीक पडते, पाणी सांडत नाही, भांड्याला ओठ न लावताही पिता येते.

जोर्वे हे संगमनेर तालुक्यातले प्रवरेकाठचे गाव. तिथे १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि गावाचे नाव या भांड्यांना मिळाले. पुढे नेवाशाला, दायमाबादला आणि घोड नदीकाठच्या इनामगावलाही अशीच भांडी निघाली. नेवासे तर आपल्या चकलांब्याच्या शेजारच्याच जिल्ह्यात, त्याच गोदावरीच्या खोऱ्यात. काळ इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १०००, म्हणजे भगवान महावीरांच्या आधी चारशे वर्षे तरी.

असे काही दिसले की आपल्याला वाटते, बघा, वरून पाणी पिण्याची आपली रीत किती जुनी! पण तसे म्हणू नये. इनामगावच्या घरांत जवाबरोबर मांसही शिजत होते. तिथल्या राखेत आणि मातीत जनावरांची हाडे सापडली आहेत. त्यांचा आचार आपला नव्हता.

मग हा चंबू आपण का पाहायचा? त्या लोकांची बाळे गेली की दोन मोठी मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवत आणि त्यांत बाळाला निजवून घराच्याच जमिनीखाली पुरत. शेजारी भांडी ठेवत. त्यांत पुष्कळदा हा तोटीचा चंबू असे आणि एक वाडगा असे. इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननात अशी कितीतरी दफने निघाली. ज्या जमिनीवर आई चूल पेटवी, दळण दळी, रात्री अंथरूण घाली, तिच्याच खाली तिचे लेकरू. लेकराला तहान लागेल, म्हणून पाण्याचे भांडे जवळ.

आपण जीव पुढच्या गतीला गेला असे मानतो, मागे भांडे ठेवत नाही. पण बाळ गेलेल्या आईला हे समजावून सांगायला कुणाची जीभ उचलते?

मुलांना घेऊन पुण्याला गेलात, तर नक्षी दाखवाच. आणि हे भांडे कुणाच्या उशाशी ठेवत, तेही सांगा.