सहा हजार श्लोकांचा हिशेब

म्हैसूर संस्थानचे महाराज चामराज वाडियार यांच्या कारकिर्दीत, १८९१ साली, म्हैसुरात ओरिएंटल लायब्ररी स्थापन झाली. ताडपत्रे, कागदी पोथ्या आणि बाडे जमवायची, त्यांची नोंद ठेवायची आणि जमेल तसे छापायचे, असे तिचे काम होते. १९०५ च्या सुमारास तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडिताने तिथे एक हस्तलिखित आणून दिले. लिपी ग्रंथ, भाषा संस्कृत. सोबत भट्टस्वामी नावाच्या टीकाकाराच्या टीकेचा त्रुटित भाग. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ते वाचायला घेतले, तेव्हा त्यांच्यासमोर कौटिल्याचे अर्थशास्त्र होते. शेकडो वर्षे या ग्रंथाचे नाव इतरांच्या पुस्तकांतून कानावर येत होते, पण तो स्वतः कोणाच्या हाती नव्हता.

हाती आलेला ग्रंथ तोच आहे हे ठरवायचे कसे? पोथीवर नाव लिहिलेले असले म्हणजे ती खरी, असे कोणताही जाणता ग्रंथपाल मानत नाही. शामशास्त्रींच्या मदतीला अर्थशास्त्राचा उल्लेख करणारे जुने लेखक आले आणि त्यांत दंडी मोलाचा होता. ‘दशकुमारचरिता’त तो सांगतो की आचार्य विष्णुगुप्ताने, म्हणजे कौटिल्याने, मौर्यासाठी दंडनीती सहा हजार श्लोकांत संक्षिप्त केली. म्हैसूरच्या पोथीच्या पहिल्याच अध्यायात ग्रंथाने स्वतःचे माप दिले आहे: १५ अधिकरणे, १५० अध्याय, १८० प्रकरणे आणि ६००० श्लोक. बाहेरच्या माणसाने नोंदलेला आकडा आणि ग्रंथाने स्वतःविषयी सांगितलेला आकडा जुळले. शामशास्त्रींनी १९०९ मध्ये संहिता छापली आणि १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपाने दिले.

अर्थशास्त्र बहुतांशी गद्यात आहे, मग त्यात श्लोक कसे मोजायचे, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. इथे श्लोक म्हणजे छंद नसून माप आहे. अनुष्टुभाची ३२ अक्षरे हे एक एकक. गद्य असो वा पद्य, ३२ अक्षरे झाली की एक श्लोक किंवा एक ‘ग्रंथ’ भरला. लेखनिकाची मजुरी याच मापाने ठरत असे. जैन भांडारांतल्या पोथ्यांच्या शेवटी ‘ग्रंथाग्र’ म्हणून हा आकडा आढळतो. नकल करणाऱ्याने एखादे पान गाळले, किंवा कोणी मधेच चार पाने घुसडली, तर शेवटचा आकडा ते उघड करत असे. अर्थशास्त्रात आणखी एक सोय आहे. प्रत्येक अध्यायाच्या समाप्तीवाक्यात त्या अधिकरणातला अध्याय कितवा हे येते आणि आरंभापासून मोजल्यास तो कितवा हेही येते. दुसऱ्या अधिकरणातला दुसरा अध्याय संपताना लेखनिक तो ‘आदितः’ तेविसावा असल्याचे लिहितो, कारण पहिल्या अधिकरणात २१ अध्याय आहेत. एका ठिकाणी चूक झाली तर दोन मोजण्या एकमेकींना छेद देतात आणि चूक नेमकी कुठे झाली ते दिसते.

संगणकाच्या जगात हीच गरज १९९० च्या दशकात नव्याने उभी राहिली. इयान मरडॉक याने १९९३ मध्ये डेबियन हा लिनक्सचा प्रकल्प सुरू केला. पाठोपाठ ‘डीपीकेजी’ हा पॅकेज मॅनेजर आला, आणि त्याच दशकाच्या अखेरीस त्याच्यावर ‘एपीटी’ची सोय उभी राहिली. जगभर विखुरलेल्या सर्व्हरांवर सॉफ्टवेअरची हजारो पॅकेजे ठेवलेली असतात. वापरणारा एक आज्ञा देतो, पॅकेज तारेवरून येते आणि यंत्रावर बसते. वाटेत एखादा बिट बदलला, फाइल अर्धीच आली, किंवा कोणी मुद्दाम दुसरीच फाइल दिली, तर? म्हणून प्रत्येक पॅकेजासोबत त्याचा चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला आकडा, नोंदलेला असतो. फाइल उतरली की पॅकेज मॅनेजर तिचा चेकसम स्वतः काढतो, नोंदीशी ताडतो आणि जुळला नाही तर काम तिथेच थांबवतो.

श्लोकसंख्या आणि आजचा चेकसम यांच्या ताकदीत मात्र मोठा फरक आहे. संख्येला पान गळलेले कळते. ‘राजा’च्या जागी ‘प्रजा’ झाली तर कळत नाही, कारण अक्षरे तितकीच राहतात. एसएचए-२५६ या आजच्या पद्धतीत फाइल केवढीही असो, तिच्यातून ६४ चिन्हांची एक ओळ निघते आणि मूळ फाइलमधला एक बिट बदलला तरी ती सगळी ओळ पालटते. आधीची एमडी५ पद्धत अशीच भरवशाची मानली जात होती. २००४ मध्ये वांग शिआओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या मजकुरांना एकच एमडी५ ओळ मिळवून दाखवली, आणि तो भरवसा संपला. अक्षर न् अक्षर जपणारी पद्धत भारतात पूर्वीही होती, पण ती लिहिण्यात नसून म्हणण्यात होती. वेदपाठाच्या जटा, घन या विकृतींमध्ये प्रत्येक पद मागेपुढे फिरवून इतक्या वेळा उच्चारले जाते की एखादा स्वर हलला तरी शेजारी बसलेल्या पाठकाला तो खटकतो.

मराठी वाचकाला मोजलेला ग्रंथ परका नाही. घराघरांतल्या पोथ्यांत अध्यायाच्या अखेरीस ओवीसंख्या असते. दासबोधाचे २० दशक आणि प्रत्येकी १० समास ही रचनाच अशी आहे की एक समास कमी पडला तरी लगेच ध्यानात यावे. ज्ञानेश्वरीच्या वाट्याला हे संरक्षण पुरेसे आले नाही. तिच्या प्रती तीनशे वर्षे हातोहात फिरल्या आणि पाठ बिघडत गेला. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून ती शुद्ध केली आणि पुढे कोणी तिच्यात स्वतःची ओवी घालू नये म्हणून कडक शब्दांत बजावले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी एकनाथांच्या आधीची मानलेली प्रत १९०९ मध्ये छापली. म्हैसूरला शामशास्त्रींची संहिता बाहेर पडली तेच हे साल. राजवाड्यांच्या प्रतीवरून अभ्यासकांत मोठे वाद झाले. त्या सगळ्या वादांच्या तळाशी एकच प्रश्न होता: शुद्ध प्रत कोणती, हे कोणत्या साक्षीवरून ठरवायचे?

साक्षच बदलली तर काय होते, हे महाभारतात दिसते. आदिपर्वातल्या पर्वसंग्रहात प्रत्येक पर्वाचे अध्याय आणि श्लोक किती हे दिलेले आहे. प्रचलित छापील महाभारतात आदिपर्वाचे अध्याय २२७ आणि श्लोक ८,८८४ सांगितलेले आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर तिचे प्रमुख संपादक झाले. त्या आवृत्तीत पर्वसंग्रहाचा जुना पाठ निवडल्यावर तेच आकडे २१८ आणि ७,९८४ असे आले. श्लोक वाढले तसा पर्वसंग्रहही कोणाच्या तरी हातून ‘दुरुस्त’ होत गेला होता. आकडा त्याच पोथीत, त्याच लेखनिकाच्या लेखणीखाली असल्यावर तो पोथीची राखण करू शकत नाही. या आकड्यांचा गणिताच्या अंगाने विचार करणाऱ्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी होते. १९४६ मध्ये त्यांनी पर्वसंग्रहावर स्वतंत्र लेख लिहिला. गणिती माणसाला त्या श्लोकांत काव्याइतकाच हिशेबही दिसला, ही त्या काळातल्या विद्वत्तेची फार सुंदर गोष्ट आहे.

साक्षच बदलण्याचा हा प्रकार फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या लिनक्स-प्रणालीच्या संकेतस्थळावर घडला. घुसखोराने मागचे दार ठेवलेली फाइल मांडली, आणि पानावर दिलेला चेकसमही बदलून आपल्या फाइलशी जुळवून ठेवला. ज्यांनी काळजीने ताडून पाहिले त्यांनाही आकडे जुळलेलेच दिसले असते.

यावरचे उत्तर खुद्द म्हैसूरच्या त्या ताडपत्रांत आहे. दुसऱ्या अधिकरणात शुल्काध्यक्षाचे, म्हणजे जकातनाक्याच्या अधिकाऱ्याचे, प्रकरण येते. नगराच्या वेशीवर चार-पाच नोंदणीदार व्यापाऱ्यांना थांबवून लिहून घेतात: कोण, कुठले, माल किती, आणि ओळखखूण किंवा मुद्रा कुठे केली. मग दंड सांगितले आहेत. माल मुद्रेवाचून आला तर जकातीच्या दुप्पट दंड. मुद्रा खोटी निघाली तर आठपट. मुद्रा तुटलेली असेल तर माल कोठारापाशी अडवून ठेवायचा. खूण नसणे, खूण बनावट असणे आणि खूण मोडलेली असणे हे तीन वेगळे गुन्हे मानून प्रत्येकाला वेगळी वागणूक देणारा हा कायदा वाचताना आजच्या कोणत्याही पॅकेज मॅनेजरचे चूकसंदेश आठवावेत, इतका तो बारकाईने केलेला आहे.

हिशेबाबद्दल कौटिल्य आणखी सावध आहे. आषाढी पौर्णिमेला ठिकठिकाणचे हिशेबनीस आपापल्या मुद्राबंद वह्या आणि शिल्लक घेऊन अक्षपटलात, म्हणजे हिशेबाच्या कचेरीत, येतात, आणि आल्यावर त्यांना एकमेकांशी बोलू द्यायचे नाही असा नियम आहे. जमा, खर्च आणि शिल्लक या नोंदी ऐकायच्या आणि मग ताडायच्या. ज्याच्या हाती माल त्याच्याच हाती साक्ष असू नये, हे तत्त्व इथे कार्यालयाच्या रोजच्या शिस्तीत उतरले आहे.

डेबियनला तिथे पोहोचायला काही वर्षे लागली. पॅकेजाच्या पोटातच एमडी५ ची यादी ठेवण्याची जुनी रीत होती; डिस्कवर फाइल बिघडली का हे त्यावरून कळे, पण पॅकेजच खोटे असेल तर यादीही खोटी. पुढे साखळी बांधली गेली. प्रत्येक पॅकेजाचा चेकसम एका सूचीत, त्या सूचीचा चेकसम ‘रिलीज’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये, आणि त्या फाइलवर प्रकल्पाची डिजिटल सही. सहीची गुप्त किल्ली सर्व्हरांच्या मालकांकडे नसते, म्हणून वाटेतल्या कोणालाही सगळे आकडे एकमेकांशी जुळवून बनवेगिरी करता येत नाही. २००७ मध्ये आलेल्या ‘एच’ या आवृत्तीपासून ही तपासणी सर्वांसाठी नेहमीची झाली.

पॅकेज बसवण्यात एक नाजूक भाग आहे: कॉन्फिगरेशनच्या फाइली. सॉफ्टवेअर सगळ्यांचे एकच, पण त्याची मांडणी ज्याची त्याची. कोणी भाषा मराठी ठेवतो, कोणी सर्व्हरचा पत्ता बदलतो. नवी आवृत्ती आली आणि तिने या फाइली सरसकट पुसल्या तर वर्षांची घडी विस्कटेल. म्हणून डीपीकेजी पूर्वी दिलेल्या फाइलचा चेकसम जपून ठेवतो. सध्याची फाइल त्याच्याशी जुळली तर वापरणाऱ्याने हात लावलेला नाही असे समजून ती बदलतो. नाही जुळली, आणि नव्या पॅकेजातली फाइलही वेगळी असली, तर थांबून विचारतो की तुमची ठेवू की नवी घेऊ. उत्तर काहीही मिळो, नाकारलेली फाइल तो वेगळ्या नावाने शेजारी ठेवतो. इथे चेकसमाचे काम पहारेकऱ्याचे नसून बदल कोणाचा आहे हे ओळखण्याचे आहे.

सुखठणकरांनी दाक्षिणात्य आणि उत्तरेकडच्या पाठांशी असाच व्यवहार केला. प्रांतोप्रांतीच्या लेखनिकांनी आणि कथेकऱ्यांनी घातलेले श्लोक त्यांनी संहितेतून काढले, पण फेकले नाहीत. ते तारांकित करून तळटीपांत ठेवले, मोठे भाग परिशिष्टांत नेले. एकूण १,२५९ हस्तलिखिते पाहून ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. ज्याला आपल्या गावची कथा हवी त्याला ती आजही त्याच खंडांत सापडते.

अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्तीही महाराष्ट्रातच झाली. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठातर्फे १९६० मध्ये संहिता, १९६३ मध्ये भाषांतर आणि १९६५ मध्ये अभ्यासखंड प्रसिद्ध केला. म्हैसूरच्या पोथीबरोबर त्यांनी मल्याळम लिपीतल्या पोथ्या आणि गुजरातेत पाटणच्या जैन भांडारात मिळालेला देवनागरी तुकडाही ताडला. दक्षिणेच्या टोकाला आणि गुजरातेत, वेगळ्या लिप्यांत जपलेले पाठ एकमेकांशी पडताळता आल्यामुळे संहितेला भक्कम पाया मिळाला.

पण हाती असलेला ग्रंथ ३२ अक्षरांच्या मापाने मोजला की ६००० भरत नाहीत. अध्याय १५० भरतात, प्रकरणे १८० भरतात. श्लोक मात्र बरेच कमी पडतात. काही मजकूर काळाच्या ओघात गळाला, असे एक मत. आकडा मुळातच ढोबळ होता, असे दुसरे. थॉमस ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये शब्दांच्या वापराची संख्याशास्त्रीय तपासणी करून ग्रंथात एकाहून अधिक हात असल्याचे दाखवले. २०१३ मध्ये नवे भाषांतर देताना पॅट्रिक ओलिव्हेल यांनी मांडले की अध्यायांची विभागणी मूळ रचनेची नसून नंतरच्या संस्करणाची आहे, कारण अध्याय आणि प्रकरणे जागोजाग एकमेकांना छेदतात: कुठे एका अध्यायात अनेक प्रकरणे, कुठे एक प्रकरण अनेक अध्यायांत पसरलेले. पहिल्या अध्यायातला तो हिशेबही त्यांच्या मते त्याच संस्कर्त्याचा. तसे असेल तर दंडीला ठाऊक असलेला ६००० चा आकडा ग्रंथ रचणाऱ्याने लिहिलेला नाही; तो ग्रंथाला नवी घडी घालणाऱ्याने लिहिला आहे.