फिरत्या बुरुजाच्या आत

तुम्ही ज्या जहाजावर आहात ते जहाज वाटतच नाही. डेक पाण्याच्या जेमतेम दीड फूट वर, शिडाचा पत्ता नाही, आणि मधोमध लोखंडाचा एक गोल बुरूज. त्याच्या पोटात तुम्ही, गोलंदाजांच्या घोळक्यात. ९ मार्च १८६२, रविवार. अमेरिकेचं यादवी युद्ध, उत्तर विरुद्ध दक्षिण. व्हर्जिनियात, जेम्स नदीच्या मुखाशी, हॅम्प्टन रोड्स. तुमची, उत्तरेची 'मॉनिटर' न्यूयॉर्कहून काल रात्री इथे पोचली, तीही बुडता बुडता वाचून. बुरुजाखालच्या फटीतून लाटा आत घुसत होत्या. तुमच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.

पोचलात तेव्हा उत्तरेचंच जहाज 'काँग्रेस' जळत होतं. दुपारी दक्षिणेच्या चिलखती 'व्हर्जिनिया'ने नाळेवरच्या लोखंडी सुळक्याने उत्तरेच्या 'कंबरलँड'चं पोट फोडलं होतं. जहाज बुडत असतानाही तिचे गोलंदाज तोफांपासून हटले नाहीत. त्यांचे गोळे चार इंच जाडीच्या उतरत्या चिलखतावरून घसरून गेले. दोनशेहून अधिक माणसं गेली. फ्रान्सकडे आणि इंग्लंडकडे चिलखती जहाजं आधीच होती. पण अशा दोन जहाजांची समोरासमोर गाठ पडते आहे ती आजच.

बुरुजाचा व्यास वीस फूट, भिंत आठ इंच, तोफा दोन, अकरा इंची. बाहेर बघायला तोफांच्या तोंडाभोवतीची फट, बस्स. भिंतीला टेकू नका. एक अधिकारी टेकून उभा होता, बाहेरून गोळा आदळला आणि तो बेशुद्ध होऊन पडला. भिंत मात्र फुटली नाही.

शत्रू दिसतो तो पुढे नाळेजवळच्या चौकीत बसलेल्या कप्तान वॉर्डन यांना, लोखंडी ओंडक्यांमधल्या फटीतून. त्यांचा हुकूम नळीतून यायचा, ती नळी तुटली. आता माणसं खालून धावत निरोप आणतात. उजवी बाजू, डावी बाजू कळावी म्हणून बुरुजाखालच्या स्थिर भागावर पांढऱ्या खुणा केल्या होत्या, त्याही पुसल्या गेल्या. निरोप येतो, शत्रू अमुक बाजूला. ती बाजू कुठे, हे बुरुजात कोणालाच सांगता येत नाही. खाऱ्या पाण्याने फिरवायचं यंत्र गंजलंय. बुरूज सुरू करणं कठीण, थांबवणं त्याहून कठीण. म्हणून बावीस वर्षांचे लेफ्टनंट ग्रीन बुरूज फिरता असतानाच तोफ डागतात, 'व्हर्जिनिया' फटीसमोरून सरकते त्या क्षणी. तोफ भरायला सात-आठ मिनिटं लागतात. दारू पंधरा पौंडांच्या वर भरायची नाही, असा हुकूम. मला हा हुकूम फार जाचतो: दुप्पट दारूही त्या तोफांना झेपते, हे पुढे चाचण्यांत दिसलं.

धुराने तुमचं अंग काळं झालंय. दोन्ही जहाजं कधी अर्ध्या मैलावर, कधी अंगाला अंग घासत. जवळजवळ चार तास हेच, आणि दोन्हीकडच्या चिलखताआड आज एकही माणूस दगावत नाही. लोखंडाने जीव राखले, पण नजर हिरावून घेतली. जो एकटा बघत होता त्याच्याच डोळ्यांची त्याने किंमत घेतली. दुपारच्या सुमारास चौकीच्या फटीवर गोळा फुटतो. वॉर्डन यांच्या चेहऱ्यावर रक्त, डोळ्यांत दारूचे कण. ग्रीन पुढे धावतात. कप्तान विचारतात ते गाळात रुतलेल्या, उत्तरेच्याच 'मिनेसोटा' जहाजाबद्दल: वाचली का? वाचली. ओहोटी लागलीय, आणि 'व्हर्जिनिया' नॉरफोकच्या दिशेने वळलीय.

वर्षअखेरीपर्यंत ही दोन्ही जहाजं नष्ट होतील: 'व्हर्जिनिया'ला तिचेच लोक उडवून देतील, 'मॉनिटर' केप हॅटरसजवळ वादळात बुडेल. बुरूज मात्र टिकेल. १८७० मध्ये 'मॅगडाला' आणि 'ॲबिसिनिया' ही याच जातीची दोन जहाजं इंग्लंडमध्ये पाण्यात उतरतील, प्रत्येकीवर दोन फिरते बुरूज, चार तोफा. दोघींचं काम एकच, मुंबई बंदराचा पहारा.