मोफत भेटवस्तू आणि फुटबॉल प्रेक्षकांचा शिष्टाचार

रहाटणी, पिंपळे सौदागर, वाकड या परिसरातील रहिवाशांना मोठ्या फुटबॉल सामन्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मुंबई-बंगळूर महामार्गालगतचे म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल त्यांच्या हाकेच्या अंतरावर आहे. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात पुणे एफसीने आय-लीगचे सामने खेळले. २०१४ ते २०१९ या काळात इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीचे ते घरचे मैदान होते. २०२२च्या महिला आशियाई चषक स्पर्धेतील सामनेही येथे झाले.

व्यावसायिक फुटबॉलबरोबर या मैदानांवर एक नवी प्रथाही रुजली. प्रवेशद्वारापाशी टोप्या, झेंडे, पुठ्ठ्याच्या घडीच्या टाळ्या किंवा एकमेकींवर आपटून वाजवायच्या हवा भरलेल्या नळ्या मोफत वाटल्या जाऊ लागल्या. मध्यंतरात प्रेक्षकांकडे टी-शर्ट भिरकावले जाऊ लागले. ‘फुकट ते पौष्टिक’ असे मानणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. त्यामुळे या वस्तू कशा घ्याव्यात आणि घेतल्यावर त्यांचे काय करावे, याचे काही संकेत माहीत असणे आवश्यक ठरते.

भेट कोणासाठी?

मराठीत ‘लुटणे’ या शब्दाला एक गोड अर्थ आहे. दसऱ्याला सोने लुटतात, संक्रांतीला वाण लुटतात. बोरन्हाणात लहानग्याच्या डोक्यावरून बोरे आणि हलवा ओततात, तेव्हा भोवतालच्या मुलांची झुंबड उडते. मात्र सर्वांत धाकट्याच्या मुठीत काही पडले की नाही, हे घरातील मोठी माणसे आवर्जून पाहतात. मैदानावरील मोफत वाटपालाही हाच नियम लागू पडतो. संयोजक वस्तू एकेका प्रेक्षकाच्या हाती देत असले, तरी त्यांचा हेतू संपूर्ण स्टँड एका रंगात रंगावा, एका तालात दुमदुमावा हा असतो. एकाने पाच झेंडे पिशवीत घातले, तर चौघांचे हात रिकामे राहतात आणि वाटपाचा हेतूच फसतो. म्हणून माणशी एक वस्तू हा पहिला संकेत होय. घरी राहिलेल्या भावंडांसाठी जास्तीची वस्तू हवी असल्यास वाटप संपल्यावर, उरले असेल तर, विचारावे.

आसनावरील वस्तू

काही सामन्यांत प्रत्येक आसनावर आधीच वस्तू ठेवलेली असते. ती त्या आसनाच्या तिकीटधारकाची असते. शेजारचे आसन रिकामे दिसले म्हणून तेथील पिशवी उचलणे म्हणजे आयत्या बिळावर नागोबा होणे होय. कामावरून सुटून धावतपळत येणारा प्रेक्षक दहा मिनिटे उशिरा पोहोचू शकतो. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांच्या बाबतीत हे सहज शक्य आहे. मध्यंतर उलटल्यावरही आसन रिकामेच राहिले, तर स्वयंसेवकाला विचारून वस्तू घ्यावी.

भिरकावलेला टी-शर्ट

सर्वाधिक धोका असतो तो हवेतून येणाऱ्या वस्तूंच्या वेळी. स्टँडच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात. वर पाहत मागे सरकणारा प्रेक्षक खालच्या रांगेवर कोसळू शकतो. अशा वेळी आपल्या जागेवरून जे हाती लागेल तेच घ्यावे. आसनावर चढू नये, रांगा ओलांडू नयेत, कठड्यावरून बाहेर झुकू नये. दोघांच्या हाती एकच टी-शर्ट आला, तर ज्याने तो आधी धरला त्याचा. तथापि त्यांतील एक लहान मूल असेल, तर मोठ्याने हात सोडावा, हा जगभरातील स्टेडियममधील अलिखित नियम आहे. मुलाला खांद्यावर बसवून भेटी गोळा करण्याचे साधन बनवणे मात्र त्या नियमाचा गैरफायदा ठरते.

चेंडू आणि जर्सी

अमेरिकी बेसबॉलमध्ये प्रेक्षकांत आलेला चेंडू घरी नेता येतो. फुटबॉलमध्ये तसे नाही. खेळातील चेंडू लगेच परत करायचा असतो. सामन्यापूर्वी किंवा नंतर खेळाडूने स्वतःहून सही करून दिलेला चेंडू तेवढा ठेवून घ्यावा. जर्सीचेही तसेच. ती मिळाल्यास आनंद मानावा, पण तो आपला हक्क नव्हे. जर्सी मागणारे फलक झळकवण्याची प्रथा इतकी वाढली, की ॲमस्टरडॅमच्या अयाक्स क्लबने आपल्या स्टेडियममध्ये अशा फलकांवर बंदी घातली. फलकामुळे मागच्या रांगेतील प्रेक्षकांना खेळ दिसत नाही, हे आपल्याकडेही लक्षात घेण्याजोगे आहे. भेट मिळवण्यासाठी कुंपण ओलांडून मैदानात उतरणे तर शिष्टाचाराचा नव्हे, सुरक्षेचा प्रश्न आहे.

साल्वादोरचा धडा

मोफत दिलेली वस्तू अस्त्र कशी बनते, याचे उदाहरण ब्राझीलमध्ये घडले. २०१४च्या विश्वचषकासाठी संगीतकार कार्लिन्हुस ब्राऊन यांनी ‘काशिरोला’ नावाचे प्लॅस्टिकचे खुळखुळ्यासारखे वाद्य तयार केले होते. एप्रिल २०१३मध्ये साल्वादोर येथील बाहिया विरुद्ध व्हितोरिया या सामन्यात ते प्रेक्षकांना वाटण्यात आले. आपल्या संघाच्या खेळावर संतापलेल्या बाहियाच्या समर्थकांनी शेकडो काशिरोला मैदानात फेकल्या. परिणामी विश्वचषकाच्या स्टेडियममध्ये या वाद्याला मज्जाव झाला. काही प्रेक्षकांच्या रागाची किंमत सर्वांना मोजावी लागली. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर समर्थकांमधील ईर्षेचे पर्यवसान फेकाफेकीत होऊन स्थानिक सामन्यांना गालबोट लागल्याचे महाराष्ट्राने पाहिले आहे. वस्तू मऊ असो वा टणक, ती मैदानाच्या दिशेने जाता कामा नये.

झेंड्यांविषयीचे नियम

भारताच्या सामन्यात राष्ट्रध्वज वाटले जातात, तेव्हा शिष्टाचारापलीकडची जबाबदारी येते. २००२ची भारतीय ध्वजसंहिता महत्त्वाच्या क्रीडा प्रसंगी कागदी ध्वज फडकवण्यास मुभा देते. मात्र कार्यक्रमानंतर ते जमिनीवर टाकू नयेत आणि त्यांची विल्हेवाट खासगीरीत्या, ध्वजाचा मान राखून लावावी, असेही ती सांगते. प्लॅस्टिकचे झेंडे आणि फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या यांवर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे. त्यामुळे संयोजकांनी अशा वस्तू वाटू नयेत आणि प्रेक्षकांनीही त्या नाकाराव्यात.

मोफत पास

सर्वांत मौल्यवान मोफत भेट म्हणजे प्रवेशपत्रिका. ती घेऊन घरी बसणे हा सर्वांत दुर्लक्षित अपराध म्हणावा लागेल. कारण ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली असती. रिकाम्या खुर्च्यांची सल खेळाडूंना किती असते, हे १ जून २०१८ रोजी मुंबईत दिसले. अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईचा ५-० असा पराभव केला, तेव्हा अवघे २,५६९ प्रेक्षक होते. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्री यांनी मैदानावर येण्याचे कळकळीचे आवाहन केले आणि ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याला स्टेडियम भरले. जाणे जमणार नसेल, तर पास वेळेत खेळाची आवड असणाऱ्या मुलाला किंवा शेजाऱ्याला द्यावा. तो विकणे सर्वथा अनुचित होय.

सामना संपल्यावर

या साऱ्याची खरी परीक्षा शेवटच्या शिट्टीनंतर होते. १९९८च्या फ्रान्समधील विश्वचषकात जपानी समर्थक निळ्या प्लॅस्टिक पिशव्या फुगवून, हलवून संघाला प्रोत्साहन देत आणि सामना संपताच त्याच पिशव्यांत कचरा गोळा करीत. २०२२च्या कतार विश्वचषकाच्या सलामीला जपानचा संघ खेळतही नव्हता, तरी त्या देशाचे प्रेक्षक स्टँड स्वच्छ करताना दिसले. आपल्याकडे सामन्यानंतर फाटक्या टाळ्या आणि फुटक्या नळ्या पायऱ्यांवर पडून राहतात आणि त्या उचलण्यासाठी सफाई कामगारांना रात्री उशिरापर्यंत थांबावे लागते. वस्तू हवी असेल तर घरी न्यावी, नको असेल तर कचरापेटीत टाकावी किंवा मुळात घेऊच नये.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने, राज्यात ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ हा उपक्रम झाला. त्यासाठी शाळांना फुटबॉल देण्यात आले. ते एकेका मुलाचे नव्हते, साऱ्या शाळेचे होते आणि म्हणूनच त्यांवर अनेकांना खेळता आले. एफसी पुणे सिटी हा संघ २०१९मध्ये बंद झाला आणि बालेवाडीतील त्याचा नारिंगी रंग ओसरला. संघ येतात, जातात. मैदान आणि त्यावर येणारा प्रेक्षक मात्र राहतो. मोफत मिळालेली टोपी ही त्या प्रेक्षकाला दिलेली पाहुणचाराची खूण आहे. ती घेताना शेजाऱ्याचा विचार व्हावा, एवढीच तिची किंमत आहे.